वाळूजचा पीएलसी क्लास: गणित पक्कं, किट अपुरे

एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. पीएलसी म्हणजे मशीन चालवणारा कंट्रोलर, त्याचा प्रोग्राम शिडीसारख्या आकृतीत लिहितात, तो लॅडर. त्यातले कॉन्टॅक्ट, टायमर येत होते. कम्पेअर (आकड्यांची तुलना) आणि गणिताचे ब्लॉक दिसले की पुढं सरकायचो. त्यासाठीच रविवारची बॅच धरली.

सर आयटीआयवाले, बोलणं रोखठोक. टाकीच्या पातळीचं उदाहरण घेतलं. 4 ते 20 मिलीअँपचा सेन्सर, सीमेन्सच्या एस7-1200 पीएलसीमध्ये त्याचा आकडा 0 ते 27648. टाकी 500 सेंटीमीटर. अर्धी टाकी म्हणजे 13824. आधी 27648 नं भागलं तर इंटमध्ये, म्हणजे फक्त पूर्णांक ठेवणाऱ्या प्रकारात, उत्तर थेट शून्य, अपूर्णांक गायब! आधी 500 नं गुणलं तर 69 लाखांच्या वर जातं, आणि इंटमध्ये 32767 च्या पुढं मावतच नाही. मग डिंटमध्ये (मोठे पूर्णांक मावणारा प्रकार) घेऊन आधी गुणा, नंतर भागा: बरोबर 250. हे सरांनी नुसतं सांगितलं नाही, आमच्याकडून ऑनलाइन मॉनिटर लावून, म्हणजे चालू प्रोग्राममधले आकडे स्क्रीनवर बघून, करून घेतलं.

कम्पेअरचंही तसंच. टाकी भरणारा पंप बंद करायला 'बरोबर 400' लावलं, तर पातळी 399 वरून एकदम 401 वर गेली की पंप चालूच राहतो. तिथं 'मोठं किंवा बरोबर' पाहिजे. चालू करायचा आकडा वेगळा, 150 च्या खाली. नाहीतर पंप चालू-बंद करणारा स्विच, म्हणजे कॉन्टॅक्टर, नुसता कडकड वाजत बसतो.

आता तक्रार. एका किटवर चौघं, त्यात लॅपटॉप ज्याच्या हाती तोच शिकतो. लाइट गेली की इन्व्हर्टरवर फक्त पंखे. नोट्स इंग्रजीत, झेरॉक्सही फिकट. फी मात्र हप्त्यानं घेतात, हे बरंय.

नाव घालण्याआधी किटवर किती जण बसवणार ते विचारा.