अधू सशासाठी बाळांची ड्राय शीट : चार महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या बोंडूचे मागचे दोन्ही पाय यंदाच्या मे महिन्यापासून लुळे आहेत. हातात उचललेला असताना त्याने जोरात लाथ झाडली आणि कमरेजवळचा मणका दुखावला. सशाची हाडे हलकी आणि मांड्यांचे स्नायू मात्र दांडगे असल्यामुळे असे घडू शकते, हे पशुवैद्यांनी आम्हांला नंतर सांगितले. तेव्हापासून तो बसल्या जागीच लघवी करतो आणि पाय त्या ओलीतच राहतात. सशाच्या तळव्याला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, दाट केस हेच त्याचे संरक्षण असते, आणि ते केस भिजून एकमेकांना चिकटले की कातडी थेट जमिनीला घासू लागते. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या डाव्या टाचेवर मला लालसर, केस गेलेला, चार आण्याच्या नाण्याएवढा चट्टा दिसला. त्याच संध्याकाळी मी डिचोलीच्या बाजारातून तान्ह्या बाळांसाठी मिळते ती ड्राय शीट विकत आणली.

मी घेतलेली शीट मध्यम आकाराची, म्हणजे 70 बाय 100 सेंटिमीटरची आहे. वरची बाजू मऊ फ्लीसची, म्हणजे कृत्रिम धाग्यांच्या लवदार कापडाची, आणि खालची पाणी न झिरपणाऱ्या पातळ थराची. पाणी अडवण्याबाबत खालच्या बाजूबद्दल माझी काहीच तक्रार नाही, कारण या चार महिन्यांत आमच्या सोप्यातल्या चटईपर्यंत एकदाही ओल पोचलेली नाही. अडचण वरच्या बाजूची आहे. ओल शोषून धरील असा जाड थर या शीटमध्ये नसतो, त्यामुळे लघवी फ्लीसमधून खाली उतरते, पण पुढे जायला तिला वाट नसते आणि सशाचे वजन पडले की ती पुन्हा वर येते. पहिल्या दिवशी मी त्या जागेवर तळहात दाबून पाहिला, तर तो ओला झाला. जी ओल माझ्या हाताला लागली, तीच बोंडूच्या टाचेला रात्रभर लागत होती.

म्हणून ही शीट सर्वांत वर अंथरायची नाही, तळाला घालायची, असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्यावर जुना सुती टॉवेल दुहेरी घडी करून आणि त्यावर फ्लीसचा सुटा तुकडा अंथरला, की फ्लीस ओल खाली सोडतो, टॉवेल ती धरून ठेवतो आणि पायाखालचा पृष्ठभाग बराच कोरडा राहतो. हे तुकडे मी एका स्वस्त, पातळ ब्लँकेटचे कापले. फ्लीसचे धागे सुटत नाहीत, त्यामुळे कडा शिवाव्या लागल्या नाहीत. नवा फ्लीस दोन-तीनदा धुतल्याशिवाय पाणी नीट खाली सोडत नाही, आणि कपडे मऊ करणारे द्रावण त्याला कधीही लावू नये, कारण त्याचा थर धाग्यांवर बसला की हा गुणच जातो. शीटच्या कडा मी चारही बाजूंनी आत दुमडते. बोंडू कुरतडतो, आणि प्लॅस्टिकचा तुकडा सशाच्या पोटात गेला तर आतडे तुंबू शकते.

गोव्यात खरी परीक्षा असते ती वाळवण्याची. जुलैमध्ये पडवीतल्या वलणीवर टाकलेला टॉवेल दोन दिवस दमटच राहायचा, फ्लीस मात्र पंख्याखाली एका रात्रीत सुकायचा. त्यामुळे टॉवेलचे निदान सहा आणि शीटचे दोन नग हाताशी असावेत. सशाच्या लघवीत कॅल्शियम भरपूर असल्याने कापडावर पांढरट खडूसारखा थर बसतो. घरातले माडाचे व्हिनेगर पाण्यात मिसळून त्यात अर्धा तास भिजवले की तो सुटतो. गरम पाणी आणि इस्त्री टाळूनही सप्टेंबरमध्ये एका कोपऱ्यावरचा खालचा थर सुटू लागला. 399 रुपयांच्या वस्तूने निदान वर्षभर टिकावे, अशी माझी अपेक्षा होती.

शीट कितीही चांगली असली तरी पाय रोज पाहावेच लागतात. मी सकाळ-संध्याकाळ बोंडूला टॉवेलवर आडवा घेते, कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने तळवे न घासता फक्त टिपते, मग कोरड्या फडक्याने बोटांच्या मधले केस बाजूला करून सुकवते. अख्ख्या सशाला आंघोळ घालू नये. तो गारठतो आणि भयंकर घाबरतो. तळव्याचे केसही कापू नयेत. शेपटीखालचा भाग तर पावसाळ्यात न चुकता तपासावा, कारण ओल्या, घाण झालेल्या केसांत माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या पडू शकतात. हे लिहितानाही अंगावर काटा येतो, पण ज्यांच्या घरी असा ससा आहे त्यांना ते माहीत असायलाच हवे.

टाचेवरचा चट्टा पशुवैद्यांच्या मलमाने आणि या तिहेरी अंथरुणाने ऑगस्टअखेर भरला आणि आता तिथे कापसासारखी बारीक लव आली आहे. मी दुसरी शीट घेतली ती मोठ्या आकाराची, कारण बोंडू पुढच्या पायांनी स्वतःला ओढत कडेपर्यंत जातो आणि मध्यम शीट त्याला अपुरी पडते.