डेनम एलियटची अडतीस मिनिटं

घेतलेली वस्तू आधी सांगतो. बीबीसी सत्तरच्या दशकात दर नाताळला एक भुताची गोष्ट दाखवायची. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने, म्हणजे बीएफआयने, २०१२ साली त्या डीव्हीडीवर काढल्या. त्यातल्या चौथ्या भागात तीन गोष्टी आहेत: 'द सिग्नलमन' (१९७६), 'स्टिग्मा' (१९७७) आणि 'द आइस हाउस' (१९७८). मी तो सेकंडहँड घेतला, टपालखर्चासकट ६ पौंडांना. इंग्लंडमध्ये रेल्वेच्या सिग्नल खात्यात मला बारा वर्षं झाली, त्यामुळे नाव बघूनच मागवला. म्हटलं, बसून चुका काढू. रेल्वेवाल्याला रेल्वेचा सिनेमा दाखवणं म्हणजे सुगरणीला दुसऱ्याच्या घरी जेवायला बोलावणं. ताट पुढे आलं की मीठ कमी आहे का, हेच ती आधी बघणार.

चुका काढायच्या राहून गेल्या. मी सिग्नल बघतच नव्हतो, सिग्नलमन झालेल्या डेनम एलियट या इंग्रज नटाचं तोंड बघत होतो, अडतीसच्या अडतीस मिनिटं.

गोष्ट चार्ल्स डिकन्सची, १८६६ सालची. डोंगर कापून केलेली खोल कटिंग, भिंतींना पाणी झिरपतंय, बोगद्याच्या तोंडाशी लाल दिवा आणि तिथल्या बॉक्समध्ये एकटा माणूस. (आपल्या रेल्वेत ज्याला केबिन म्हणतात तोच हा बॉक्स.) वरून एक प्रवासी हाक मारतो, "हॅलो! बिलो देअर!" खालचा माणूस हाकेच्या दिशेला, वर, बघतच नाही. तो रुळांकडे, बोगद्याकडे बघतो. तिथूनच गोष्ट सुरू होते. पुढचं सांगत नाही. बघायची असेल त्याचा विचका नको.

डिकन्सने हे हवेतून काढलेलं नाही. ९ जून १८६५ला केंटमधल्या स्टेपलहर्स्टला गाडी पुलावरून घसरली, त्या गाडीत तो स्वतः होता. त्याआधी २५ ऑगस्ट १८६१ला ब्रायटनजवळच्या क्लेटन बोगद्यात अपघात झाला होता. आमच्या धंद्यात तो आजही शिकवण्यासारखा आहे. बोगद्याच्या दोन टोकांना दोन माणसं, मध्ये तारयंत्र. पहिली गाडी आत गेली तरी सिग्नल धोक्यावर परत आला नाही. मागून आलेल्या दुसऱ्या गाडीला एका टोकाच्या माणसाने लाल झेंडा दाखवला. तो ड्रायव्हरला ओझरता दिसला, गाडी बोगद्यात जाऊन थांबली आणि उलटी येऊ लागली. इकडच्या माणसाने विचारलं, बोगदा मोकळा का? तिकडच्याने पहिली गाडी बाहेर पडलेली पाहून कळवलं, मोकळा. मग तिसरी गाडी सोडली. २३ माणसं गेली. दोघांपैकी कुणीही खोटं बोललं नव्हतं, हे त्यातलं सगळ्यात वाईट. डिकन्सच्या गोष्टीमागे हा अपघात असावा असं मानतात, आणि मला ते पटतं.

आता एलियट. लिहिताना डेनहोम, म्हणताना डेनम. मराठी प्रेक्षकाला नावाने पटकन आठवणार नाही. 'इंडियाना जोन्स'मधला म्युझियमवाला मार्कस ब्रोडी म्हटलं की "अरे हो, तो!" असं होतं. चरित्र अभिनेत्यांचं नशीबच तसं, चेहरा पाठ आणि नाव कोरं.

या सिग्नलमनला तो अजिबात घाबरट करत नाही. कामाला पक्का, बोलायला सभ्य, थोडा जास्तच सभ्य. तरुणपणी शिकायला मिळालं होतं, संधी वाया घालवली, आता इथे आहे, तक्रार नाही. हे सांगताना तो स्वतःची कीव करत नाही, उलट पाहुण्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून जरासा हसतो. ते हसू बघवत नाही. आणि बोलता बोलता मध्येच नजर घंटेकडे जाते. घंटा वाजलेली नसते. पाहुण्याला काही ऐकू आलेलं नसतं, आपल्यालाही नाही. याला मात्र आलेलं असतं.

इथे माझ्यातला रेल्वेवाला जागा झाला. जुन्या यांत्रिक बॉक्समध्ये सगळा कारभार ठोक्यांवर चालतो. एक ठोका म्हणजे लक्ष दे. दोन म्हणजे गाडी तुझ्या सेक्शनमध्ये शिरली. दोन, थांबून एक, म्हणजे गाडी बाहेर पडली. काम कमी आणि वाट बघणं जास्त. या कामातली जुनी माणसं तुमच्याशी गप्पा मारतात तेव्हा अर्धा कान तुमच्याकडे असतो, अर्धा घंटेकडे. तो अर्धा कान कसा दिसतो हे मी रोज बघतो. पडद्यावर तो पहिल्यांदा एलियटकडे दिसला. समोरचा बोलत असताना नट काय करतो, यावर माझा तरी सगळा हिशेब असतो. बर्नार्ड लॉइड हा प्रवासी झालेला नट चांगलंच काम करतो, पण तो बोलत असताना आपण ऐकणाऱ्याकडे बघत राहतो.

नंतर एलियटबद्दल वाचलं तेव्हा कळलं की तो दुसऱ्या महायुद्धात आरएएफच्या, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या, बॉम्बर विमानात वायरलेस ऑपरेटर आणि गनर होता. म्हणजे हेडफोन कानाला लावून टकटक ऐकणं हा त्याचा खराखुरा धंदा होता! अभिनयाचा धागा थेट तिथे जोडणं जरा ओढून ताणून होईल, तरी मला मोह आवरत नाही. सप्टेंबर १९४२मध्ये त्याचं हॅलिफॅक्स विमान पडलं, तो पकडला गेला आणि युद्ध संपेपर्यंत सायलेशियातल्या लाम्सडॉर्फच्या छावणीत राहिला. तिथे कैद्यांच्या नाटकांत कामं करू लागला. त्याआधी लंडनच्या राडा या नावाजलेल्या नाट्यशाळेत त्याचं काही जमलं नव्हतं. नाट्यशाळेत जे झालं नाही ते काटेरी तारेच्या आत झालं.

सिग्नलमन बघून झाल्यावर मी त्याच्या मागे लागलो. इथल्या चॅरिटी शॉपमध्ये, म्हणजे दानात आलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात, डीव्हीडी १ पौंडाला मिळतात, कधी त्याहूनही स्वस्त. वर्षभरात अकरा गोळा झाल्या. त्याच्या सगळ्या सिनेमांची एकत्र पेटी कुणी काढलेली नाही. हिरोच्या पेट्या निघतात, याला घरोघरी जाऊन गोळा करावं लागतं.

पन्नासच्या दशकातला एलियट मला फारसा धरत नाही. 'द साउंड बॅरियर' (१९५२), 'द क्रूएल सी' (१९५३), दोन्हींत चांगल्या घरचा, किडकिडीत, कोवळा अधिकारी. तसे तेव्हा इंग्लंडात पैशाला पासरी होते. खरा माणूस सापडतो १९६४च्या 'नथिंग बट द बेस्ट'मध्ये. खानदान मोठं, खिसा रिकामा आणि लाज सोडलेली, असा एक इरसाल. अ‍ॅलन बेट्सला तो साहेब कसं बनायचं याची शिकवणी देतो. तिथून पुढे कोट चांगला पण बाही विरलेली, अशी माणसं त्याच्या वाट्याला आली, आणि ती त्याच्याइतकी कुणाला जमली नाहीत.

'आल्फी'मध्ये (१९६६) तो जेमतेम काही मिनिटं आहे. चोरून गर्भपात करणारा माणूस. इंग्लंडात कायदा बदलला १९६७मध्ये, म्हणजे हे काम तेव्हा गुन्हाच होता. दुसऱ्या कुणी तो राक्षस केला असता. एलियट त्याला थकलेला कारकून करतो, नियम वाचून दाखवल्यासारखं बोलतो. त्यानंतर आल्फी झालेल्या मायकल केनचं कोसळणं आपल्याला पटतं ते या थंडपणामुळे. पुढे 'अ रूम विथ अ व्ह्यू'मधल्या मिस्टर एमर्सनसाठी एलियटला ऑस्करचं नामांकन मिळालं. बाहुली नेली कुणी? मायकल केनने, वेगळ्या सिनेमासाठी. मला हे वाचून उगाच राग आला.

बाफ्टाने, म्हणजे ब्रिटिश सिनेमा पुरस्कारांनी, मात्र कसर काढली. 'ट्रेडिंग प्लेसेस', 'अ प्रायव्हेट फंक्शन', 'डिफेन्स ऑफ द रेल्म', अशी १९८३, १९८४, १९८५ ओळीने तीन वर्षं सहायक अभिनेत्याचं पारितोषिक. यातला तिसरा आधी बघा. दारूने खाल्लेला जुना पत्रकार, ज्याला बातमी अजून कळते पण आता कुणी त्याचं ऐकत नाही. गेब्रिएल बर्न त्यात हिरो आहे. मुलं, कुत्री आणि डेनम एलियट यांच्याबरोबर कधी काम करू नये, असं तोच नंतर म्हणाला होता.

टीव्हीवरचं 'ब्रिमस्टोन अँड ट्रीकल' कच्च्या मनाच्या माणसाने टाळावं. सिग्नलमनच्याच वर्षी, १९७६ला, बीबीसीने ते तयार केलं आणि घाबरून कपाटात ठेवलं, दाखवलं १९८७ला. एलियट त्यात एका अपंग मुलीचा बाप आहे. एकाच वर्षात हा बाप आणि तो सिग्नलमन. दोन्ही लागोपाठ बघितलं तर माणूस एकच आहे यावर विश्वास बसत नाही.

आणि ब्रोडी. १९८१च्या पहिल्या सिनेमातला ब्रोडी शहाणा, थोडा घाबरलेला, मोजकं बोलणारा आहे. १९८९च्या तिसऱ्या सिनेमात त्याचा पार विदूषक केलाय. लोक हसतात, मीही हसलो. पण एवढ्या चांगल्या तबल्यावर फक्त टाळ्यांचा ठेका वाजवून घेतल्यासारखं वाटलं. १९८७पासून त्याला एचआयव्ही असल्याचं माहीत होतं. तरी तो १९९१ला टीव्हीवर जॉर्ज स्मायली हा कादंबऱ्यांतला हेर झाला, १९९२ला 'नॉइझेस ऑफ'मध्ये बहिरट म्हातारा नट झाला. ६ ऑक्टोबर १९९२ला स्पेनच्या इबिझा बेटावर वारला, सत्तर वर्षांचा होऊन.

पुन्हा डिस्ककडे येतो. मूळ चित्रीकरण १६ एमएम फिल्मवरचं, त्यामुळे दाणा दिसतो. अंधार मात्र अंधारासारखाच आहे, राखाडी लापशी झालेली नाही. दिग्दर्शक लॉरेन्स गॉर्डन क्लार्कची छोटी प्रस्तावना आहे, ती नंतर बघा, आधी नको. बाकीच्या दोन गोष्टी? 'स्टिग्मा'मध्ये एव्हबरीचे प्राचीन दगड आहेत आणि बरंच रक्त, एकदा बघायला ठीक. 'आइस हाउस' मला कळली नाही, बायकोला कळली म्हणते. डीव्हीडी रीजन २ची आहे, भारतात कुणाला पाठवणार असाल तर प्लेअर आधी तपासा. ज्याने मला विकली त्याने "नव्यासारखी" लिहिलं होतं. डिस्कवर मांजर नाचल्यासारखे ओरखडे होते. सुदैवाने सिग्नलमन अडखळत नाही, अडखळते ती आइस हाउस, त्यामुळे भांडलो नाही.

गेल्या वर्षी सुट्टीत सेव्हर्न व्हॅली रेल्वेवर गेलो. किडरमिन्स्टर ते ब्रिजनॉर्थ, सोळा मैल वाफेच्या इंजिनाने. 'सिग्नलमन'चं चित्रीकरण तिथेच झालं होतं. बोगदा किडरमिन्स्टर आणि ब्यूडली यांच्या मध्ये लागतो. कटिंगमधला बॉक्स शूटिंगपुरता उभा केलेला होता, आता तिथे काही नाही. मी खिडकीला नाक लावून बसलो होतो. समोरच्या बाईंनी विचारलं, काय शोधताय? म्हटलं, एक माणूस. त्यांनी पर्स जवळ ओढून घेतली.

अकरापैकी एक केस रिकामी निघाली. चॅरिटी शॉपमध्ये उघडून बघायची लाज वाटली, घरी आल्यावर कळलं. ती नेमकी 'नथिंग बट द बेस्ट'ची होती, त्यामुळे तो मी एकाकडून उसना आणून बघितला आणि परत केला. कुणी विकणार असेल तर सांगा, ५ पौंडांपर्यंत देईन. 'सिग्नलमन' बघायला माझ्या घरी या, चहा देतो. डिस्क न्यायला मिळणार नाही.