बिनएसीच्या खोलीतला साठ हजारांचा गेमिंग पीसी: मार्च ते डिसेंबरचा अनुभव

आधी खोली सांगतो, पीसी मग. लालबागमधली जुनी इमारत, वन रूम किचन, एसी नाही, डोक्यावर एक पंखा आणि खिडकीसमोर टॉवरचं बांधकाम. मार्च २०२५ मध्ये पार्ट जमवायला घेतले तेव्हा बघितलेले बहुतेक रिव्ह्यू थंडगार खोलीत, झाकण नसलेल्या टेस्ट बेंचवर केलेले होते. त्यातले आकडे खोटे नसतात. पण आमच्याकडे एप्रिलमध्ये रात्री अकरालाही खोलीत तेहतीस अंश असतात, त्याचं काय? म्हणून या लिखाणात फ्रेम्सपेक्षा (गेम सेकंदाला किती चित्रं दाखवतो त्यापेक्षा) उकाडा, धूळ आणि वायरिंग जास्त आहे.

घेतलं ते असं: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० चिपसेटचा मायक्रो एटीएक्स (छोट्या आकाराचा) मदरबोर्ड, ३२०० स्पीडची डीडीआर४ रॅम ८-८ जीबीच्या दोन स्टिकमध्ये, आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड, १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी (वेगवान स्टोरेज), ५५० वॅटचा ८० प्लस ब्रॉन्झ एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आणि पुढून जाळीचं कॅबिनेट. कार्डाला वीस हजारांच्या थोडं वर, प्रोसेसरला दहाच्या आसपास, बोर्डाला साडेआठ, एसएसडीला पाच, एसएमपीएसला साडेचार, कॅबिनेटला चार, रॅमला तीन. छप्पनच्या घरात गेलं. उरलेल्यात पुढे कूलर बसला. मॉनिटरचा हिशोब वेगळा ठेवला होता: २४ इंची, १०८०पी, १४४ हर्ट्झ आयपीएस, अकरा हजार.

कार्ड निवडताना सगळे किमतीमागे फ्रेम्स किती ते मांडतात. मी त्या तक्त्यात वॅटचा एक रकाना वाढवला. आरएक्स ६६०० हे १३२ वॅटचं कार्ड. आरटीएक्स ३०६० चे १७०, आरएक्स ७६०० चे १६५, आणि सेकंडहँडमध्ये मोह पाडणाऱ्या आरएक्स ६७०० एक्सटीचे चक्क २३०. आरटीएक्स ४०६० तर ११५ वॅटमध्ये या बहुतेकांना गाठतं, पण तेव्हा ते आठ-नऊ हजारांनी महाग पडत होतं, तिथे विषय संपला. ३०५० चं ८ जीबीचं मॉडेल १३० वॅट घेतं, म्हणजे ६६०० एवढंच, आणि खेळात मागे पडतं. तरी नावात आरटीएक्स आहे म्हणून दुकानात पहिलं तेच पुढे येतं.

वॅटचा एवढा बाऊ कशासाठी, तर कार्डाने ओढलेली सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच उतरते. भारी गेम चालू असताना माझा पीसी अडीचशे वॅटच्या आसपास घेतो. शंभरचे जुने पिवळे बल्ब आठवत असतील, तसे अडीच बल्ब टेबलाखाली पेटवून बसल्यासारखं. एसीवाल्याला हे जाणवणार नाही, त्याच्याकडून ते बिलात वसूल होतं. आमच्याकडे आई अर्ध्या तासात सांगते, "तुझं ते मशीन बंद कर, भिंत तापायला लागली." ६७०० एक्सटी घेतलं असतं तर तिने मलाच गॅलरीत झोपवलं असतं.

प्रोसेसरबद्दल थोडक्यात. इंटेलचा आय५ १२४००एफ हा सरळ पर्याय होता आणि खेळताना दोघांत सांगण्यासारखा फरक नाही. त्या दिवशी बोर्डासकट ५६०० स्वस्त पडला, एवढंच. फक्त ५६०० आणि ५६००जी यांत गल्लत करू नका. जी मध्ये अंगभूत ग्राफिक्स असतं, पण त्याची एल३ कॅश (प्रोसेसरची आतली जलद मेमरी) १६ एमबी आहे, साध्या ५६०० ची ३२. वेगळं कार्ड लावायचंच असेल तर जी घेण्यात अर्थ नाही. बोर्डाच्या बाबतीत, बी५५० चा पीसीआयई ४.० (कार्ड आणि एसएसडीला जोडणारा वेगवान मार्ग) मला रोजच्या वापरात कुठे दिसलेला नाही. हीटसिंक असलेला चांगला जुना बी४५० बोर्ड मिळत असेल तर बिनधास्त घ्या, फक्त बायोस (बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर) अपडेट करून द्यायला सांगा, नाहीतर जुन्या बायोसवर ५६०० चालूच होणार नाही.

खरेदी मुंबईच्या कम्प्युटर बाजारात, लॅमिंग्टन रोडवर. ऑनलाइन भाव मोबाइलवर उघडे ठेवूनच गेलो होतो. ग्रँट रोडला उतरून चालत जा, रविवार सोडून जा, आणि पहिल्या दुकानात पैसे काढू नका. तीन ठिकाणी कोटेशन घेतलं की खरा भाव आपोआप कळतो, कारण प्रत्येक जण एखाद्या पार्टवर कमी करून दुसऱ्यावर काढून घेतो. दोन गोष्टींवर मी अडून बसलो. एक, जीएसटीचं पक्कं बिल आणि त्यावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर. 'विदाउट बिल'मध्ये १८ टक्के वाचवायची ऑफर हमखास येते, आणि ती वॉरंटी विकण्याची ऑफर असते. दुसरी, प्रोसेसर बॉक्स पीसच हवा. ट्रे पीस (कंपनीच्या बॉक्सशिवाय सुटा) स्वस्त असतो, पण सोबत कूलर नसतो आणि वॉरंटी दुकानदाराच्या तोंडावर असते.

कॅबिनेटसोबत एसएमपीएस फुकट, ही ऑफर मात्र हसून सोडून द्यायची. त्या डब्यावर मोठ्या अक्षरात ५०० वॅट लिहिलेलं असतं. बाजूच्या स्टिकरवर १२ व्होल्टच्या रेलचे (वीजलाइनचे) अँपिअर बघा आणि १२ ने गुणा. कार्ड आणि प्रोसेसर दोघेही त्या रेलवरच जगतात. मी बघितलेल्या एकावर हा गुणाकार दोनशेच्या आसपास येत होता. साडेचार हजारांच्या एसएमपीएसने नऊ महिन्यांत एक शब्द काढलेला नाही, आणि त्याच्याकडून दुसरी काही अपेक्षाही नसते.

एसएमपीएसला नीट अर्थिंग लागतं, हे मात्र कुठल्या बिल्ड गाइडमध्ये आलं नव्हतं. पीसी पहिल्यांदा घरी लावला आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या यायच्या. टेस्टर लावला तर दिवा पेटत होता. हेडफोनमध्ये बारीक घुरघुर. पहिला संशय एसएमपीएसवर जातो, पण दोष त्याचा नसतो. एसएमपीएसच्या आत मेन्समधला (घरच्या विजेतला) गोंगाट गाळायला छोटे कपॅसिटर असतात आणि ते अर्थला जोडलेले असतात. भिंतीतल्या सॉकेटची अर्थची पिन नुसती शोभेची असेल तर तो किरकोळ करंट पत्र्यावर येऊन बसतो. आमच्यासारख्या जुन्या इमारतींत थ्री-पिन सॉकेट दिसतं, मागे दोनच वायर असतात. इलेक्ट्रिशियनने खालच्या मीटरच्या जागेपासून वेगळी अर्थची वायर ओढून दिली आणि मुंग्या, घुरघुर दोन्ही गेले. पीसीचं बजेट करताना हा खर्च धरा, निदान पार्ट घ्यायच्या आधी सॉकेट तपासून घ्या. यूपीएस मी घेतला नाही, कारण बेस्ट वीज देते त्या भागात लाइट क्वचितच जाते. बदलापूरला राहत असतो तर आधी यूपीएस घेतला असता, मग कार्ड.

आता उन्हाळा. बॉक्ससोबत आलेला कूलर मार्चमध्ये ठीक होता. एप्रिल संपता संपता गेममध्ये प्रोसेसर ८५ च्या पुढे जायला लागला. ५६०० ची मर्यादा ९० अंश आहे. त्या तापमानाने तो जळत नाही, स्वतःला आवरतो, पण कूलरचा पंखा असा ओरडायचा की एका खोलीत बाबांना टीव्हीचा आवाज वाढवावा लागायचा. अठराशेचा साधा सिंगल टॉवर कूलर बसवला. तापमान सत्तरच्या आसपास आलं आणि मुख्य म्हणजे आवाज गेला. दोन माणसांच्या वर घरात माणसं असतील तर हा अठराशेचा पार्ट चैन समजू नका.

याशिवाय दोन फुकटचे उपाय आहेत, आणि माझ्या मते ते कूलरपेक्षाही कामाचे. बायोसमध्ये इको मोड चालू केला की ५६०० ची वीज ओढायची मर्यादा ७६ वरून ६० वॅटवर येते; खेळताना फरक मला तरी कळला नाही. आणि कार्डाच्या सॉफ्टवेअरमधून फ्रेम्सना लगाम. गोष्टीवाले भारी गेम ६० वर बांधून टाकायचे, व्हॅलोरंटसारखे ऑनलाइन नेमबाजीचे १४४ वर. कार्ड उगाच दोनशे-अडीचशे फ्रेम्स काढत बसलं तर १४४ च्या मॉनिटरवर त्या दिसत नाहीत, उकाडा मात्र जाणवतो. व्होल्टेजही थोडं खाली आणलंय. कार्ड मेच्या सुरुवातीला पंचाहत्तरीत असायचं, या उपायांनंतर पासष्टच्या आत. २०२५ मध्ये मान्सून २६ मेलाच मुंबईत आला, त्यामुळे उरलेल्या मेची परीक्षा टळली; ऑक्टोबरने ती घेतली आणि पीसी पास झाला.

पावसाळ्यात सगळ्यांचा प्रश्न एकच, दमट हवेने खराब होतो का? चालू पीसी खोलीपेक्षा गरम असतो, त्यामुळे आत दव धरत नाही. भीती आठवडेच्या आठवडे बंद पडून राहणाऱ्या पीसीला. गावाला जाणार असाल तर घरच्या कुणाला तरी अधूनमधून तासभर चालू करायला सांगा. कॅबिनेटमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकायचा सल्ला बरेच देतात. ज्या डब्यातून तीन पंखे सतत हवा खेळवतात तिथे त्या पुड्या सगळ्या लालबागची हवा सुकवणार आहेत का?

जुलैत एक दणका बसला खरा. गेम मध्येच बंद, मग ब्लू स्क्रीन. मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) रात्रभर चालवून, एकेक स्टिक वेगळी लावून बघितली, तर एका रॅममध्ये लाल ओळींची रांग. दोष पावसाचा म्हणवत नाही, स्टिकच तशी निघाली असावी. कंपनीचं नाव लिहीत नाही, पण अंधेरीच्या सर्व्हिस सेंटरने बिलावरचा सीरियल नंबर जुळवल्याशिवाय हातात घेतली नाही, आणि बदली यायला गणपती उजाडले. तोवर एकाच स्टिकवर खेळलो. ड्युअल चॅनल (दोन स्टिक एकत्र चालण्याचा वेग) गेला की काय होतं हे वाचलं होतं. प्रत्यक्षात व्हॅलोरंटमध्ये गर्दी झाली की झटके जाणवायचे. म्हणून सोळाची एक स्टिक घेऊन "पुढे दुसरी टाकू" हा बेत करू नका. आणि नवी रॅम लावली की बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगावर नेणारी सेटिंग) चालू करायला विसरू नका, नाहीतर ३२०० ची रॅम २४००-२६०० वर रांगत राहते.

धूळ हा आमच्याकडे बारमाही विषय. जाळीच्या कॅबिनेटमध्ये हवा चांगली येते तशी सिमेंटची पूडही येते. पुढे दोन पंखे आत ओढणारे आणि मागे एक बाहेर फेकणारा, अशी रचना ठेवली की आत दाब थोडा जास्त राहतो आणि धूळ फटींतून न येता फिल्टरवर अडते. फिल्टर पंधरवड्याला नळाखाली धुतो, पूर्ण वाळवून लावतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरा, मोकळं सोडलंत तर बेअरिंग जातं. विसर्जनाच्या दिवशी खिडकी लावून घेतली होती तरी दुसऱ्या दिवशी फिल्टर गुलाबी. त्यापेक्षा बंद काचेच्या कॅबिनेटचा विचार करणाऱ्यांनी लालबागमधला मे आठवावा.

आता फ्रेम्स. व्हॅलोरंट लगाम काढला तर दोनशेच्या वर जातो. विंडोज ११ वर त्याला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (दोन्ही सुरक्षेच्या सेटिंग) चालू लागतात. दुकानदार ते बंद ठेवून देतात, घरी बायोसमध्ये जाऊन करा. सायबरपंक २०७७ हाय सेटिंगवर एफएसआर (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून फ्रेम्स वाढवणारं तंत्र) लावून सत्तरच्या आसपास. रे ट्रेसिंग (प्रकाशाचे खरे वाटणारे परिणाम) या कार्डावर विसरा. ८ जीबी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) नव्या गेममध्ये अल्ट्रा टेक्सचरला अपुरी पडते, मध्यमवर आणलं की सुरळीत. १ टीबी एसएसडी चार मोठ्या गेममध्ये भरते. स्वस्त क्यूएलसी (हळू लिहिणाऱ्या चिपची) ड्राइव्ह आहे, मोठी फाइल कॉपी करताना मंदावते, गेम उघडायला काही अडचण नाही.

हा अनुभव वाचून आज कुणी निघणार असेल तर भाव बदललेत हे लक्षात घ्या. २०२५ च्या शेवटी रॅम भडकली, माझ्या तीन हजारांच्या जोडीला तेव्हा दुपटीच्या वर मोजावे लागत होते. त्यामुळे ३२ जीबीचा नाद सोडा, सोळातच भागवा. एएम५ (एएमडीच्या नव्या प्रोसेसरची सॉकेट) कडे जावं हा सल्ला एरवी बरोबर, पण तिथे डीडीआर५ रॅम लागते आणि तिचे भाव तर तेव्हा आणखी चढले होते. साठात बसवायचं असेल तर पैसे बोर्डातून काढा, लाइटिंगमधून काढा, एसएमपीएसमधून नको.

आणि जाहिरातीतल्या 'आय७, १६ जीबी, गेमिंग पीसी, अठरा हजार' या ओळीला भुलणाऱ्यांनी एकच विचारावं, आय७ कितव्या पिढीचा? तिसरी-चौथी म्हणाला तर विंडोज ११ त्याला अधिकृतपणे घेत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यात आरएक्स ५८० कार्ड लावलेलं असेल तर पुढे '२०४८एसपी' लिहिलंय का बघा. तसं असेल तर ते नावाचं ५८०, आत जवळपास खालच्या मॉडेलचं ५७० च.