पैठणीचे फोटो, चार जीबीचा लॅपटॉप आणि फोटोशॉपचा हप्ता

नाशिकमध्ये छोट्या दुकानांच्या वेबसाइट करणाऱ्या भाचीनं परवा विचारलं, "मामा, फोटोशॉपचा हप्ता सुरू करू का?" हातात कामं दोनच: येवल्याच्या एका पैठणीवाल्याची वेबसाइट आणि गंगापूर धरणाकडच्या एका होमस्टेची. लॅपटॉप जुना, रॅम चार जीबी. मी म्हटलं, आधी हे सांग, फोटो स्क्रीनवरच राहणार की छापायलाही जाणार?

स्क्रीनपुरतं काम असेल तर फोटोपी हे फोटो सुधारायचं ॲप घ्या. ब्राउझरमध्ये उघडतं, काही इन्स्टॉल करावं लागत नाही, समोरच्यानं पाठवलेली पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची फाइल, लेअरसकट (एकावर एक रचलेल्या थरांसकट) उघडतं, आणि फाइल आपल्याच कॉम्प्युटरवर राहते. पैसे द्यायचे नसतील तर बाजूला जाहिराती सहन करायच्या, एवढंच. अडचण रॅमची. २४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे साधारण ६००० × ४००० पिक्सेल. त्यावर पाच-सहा लेअर चढले की जुना लॅपटॉप धापा टाकतो. वेबसाइटला १६०० पिक्सेल रुंदी बहुतेक वेळा पुरते. म्हणून मूळ फोटो बाजूला जपून ठेवा, कॉपी लहान करा आणि त्यावर काम करा. शेवटी वेबपी या हलक्या फाइल-प्रकारात सेव्ह केलं की पान मोबाइलवर पटकन उघडतं.

गिंप हे असंच दुसरं ॲप त्याहून जुनं, १९९५ पासूनचं. फुकट, लिनक्सवरही चालणारं, नेट नसलं तरी अडत नाही. पूर्वी फिल्टर लावला की तो फोटोत कायमचा मुरायचा. २०२५ च्या ३.० आवृत्तीपासून तो नंतरही बदलता येतो. दिसायला मात्र रुक्ष. फोटोशॉपची सवय असलेला माणूस पहिले आठ दिवस चिडचिड करतो, मीही केली.

खरी चुरस ॲफिनिटीमुळे आली. डिझाइनची वेबसाइट चालवणाऱ्या कॅन्व्हानं २०२४ मध्ये ॲफिनिटी बनवणारी सेरिफ ही कंपनी घेतली आणि ऑक्टोबर २०२५ पासून फोटो, व्हेक्टर (रेषांनी बनलेली चित्रं) आणि पानाची मांडणी एकाच ॲपमध्ये फुकट दिली. कॅन्व्हाचं खातं काढावं लागतं, एआयची साधनं हवी असतील तर पैसे मोजावे लागतात. रॉ फोटो (कॅमेऱ्यातली कच्ची फाइल) आणि सीएमवायके (छपाईची रंगपद्धत) दोन्ही जमतं. गिंपमध्ये थेट सीएमवायकेत काम करता येत नाही. पण चार जीबीवर ॲफिनिटीकडून फार आशा ठेवू नका. आणि एक परीक्षा घ्याच: 'त्र्यंबकेश्वर' आणि 'सप्तशृंगी' टाइप करून बघा. ॲफिनिटीच्या जुन्या आवृत्त्यांत जोडाक्षरं तुटायची. गिंप आणि इंकस्केप (व्हेक्टर चित्रं काढायचं फुकट ॲप) या परीक्षेत पास आहेत. फोटोशॉपमध्येही अक्षरं तुटली तर टाइपच्या सेटिंगमध्ये भारतीय लिप्यांचा पर्याय आधी चालू करावा लागतो.

लोगोसाठी इंकस्केप, त्यात फार विचार नको. त्यातली एसव्हीजी, म्हणजे व्हेक्टर चित्राची फाइल वेबसाइटवर कितीही मोठी केली तरी फाटत नाही. फ्लेक्सवाल्याकडे मात्र बहुधा कोरलड्रॉ आणि त्याचे स्वतःचे जुने मराठी फाँट असतात, म्हणून अक्षरं पाथमध्ये, म्हणजे फाँट न लागणाऱ्या नुसत्या आकारांमध्ये, बदलून पीडीएफ द्या. नाहीतर 'त्र्यंबक'चं भलतंच काही छापून येतं आणि पैसे आपण भरतो. स्क्रीनवरचा चकचकीत जांभळा काठही छापल्यावर मंद दिसतो. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगून ठेवा.

फोटोशॉप वाईट मुळीच नाही. साडीच्या पदराचे सुटे धागे पार्श्वभूमीपासून अलग करायचे तर ते मला अजूनही सरस वाटतं. एजन्सीकडून रोज पीएसडी येत असतील तर हप्ता वसूल होतो. पण वार्षिक करार महिन्याच्या हप्त्यांनी घेऊन मध्येच सोडला तर रद्द करण्याचं शुल्क लागू शकतं. दोन गिऱ्हाइकांच्या जोरावर एवढी जोखीम मी घेतली नसती. आणि पेन ड्राइव्हवरचं 'क्रॅक', म्हणजे चोरीचं फोटोशॉप, नकोच. एका ओळखीच्यानं माझ्या लॅपटॉपात ते टाकून दिलं, आणि त्याच्यासोबत आलेल्या व्हायरसपायी मला विंडोज नव्यानं टाकावं लागलं.

भाचीनं सध्या फोटोपी आणि इंकस्केप ठेवलंय. हप्त्याला काढलेल्या पैशांतून आधी रॅम आठ जीबी करायची, मग ॲफिनिटीत 'त्र्यंबकेश्वर' लिहून बघायचं, असं ठरलंय.