आरई 50 : वीतभर अंतरावरून सत्तावीस वर्षं

“आवाज आहे. पण बाई कुठे आहे?”

रेडिओसाठी केलेलं माझं पहिलं रेकॉर्डिंग ऐकून आमच्या निर्मात्यांनी एवढंच विचारलं होतं. बाई होती. सत्तरीची, पुरात घर गेलेली, हळू बोलणारी. म्हातारं माणूस, त्यातून दुःखात, तिच्या तोंडाशी काय माईक न्यायचा म्हणून मी तो अदबीनं हातभर लांब धरला होता. परिणाम असा की पाणी उपसायचा पंप पहिल्या रांगेत येऊन बसला आणि बाई गेली शेवटच्या रांगेत. माझी समजूत अशी की माईकच वाईट. दुसऱ्या दिवशी तोच माईक घेऊन परत पाठवलं गेलं, आणि या वेळी तो मी तिच्या हनुवटीखाली, वीतभर अंतरावर धरला. ती जरा मागे सरकली, म्हणाली, “चावत नाही ना गं हा?” मग बोलायला लागली. पंप तेव्हाही चालूच होता, पण आता तो लांब कुठेतरी होता, जिथे असायला हवा तिथे.

तो माईक म्हणजे इलेक्ट्रो-व्हॉइसचा आरई 50. पहिला ऑफिसचा होता, पुढे स्वतःचा घेतला. अकरा वर्षं रेडिओत, सोळा वर्षं टीव्हीत. बातमीदारीत नव्यानं आलेली मुलं “मॅडम, पहिला माईक कुठला घेऊ?” असं विचारतात तेव्हा मी याचंच नाव घेते, पण आधी विचारते की कशासाठी हवाय. खोलीत बसून पॉडकास्ट करायचा असेल तर पुढचं वाचू नका. दाराबाहेर पडून अनोळखी माणसांसमोर धरायचा असेल तर वाचा.

दिसायला काही नाही. धातूचा दांडा, वर जाळीचं डोकं, खाली केबल जोडायचं एक्सएलआरचं तोंड. दिवा नाही, बॅटरी नाही, बटण नाही. बटण नसणं हा मी याचा पहिला गुण मानते. बटणवाल्या दुसऱ्या एका माईकवर मी नऊ मिनिटांची मुलाखत बटण बंद ठेवून घेतली आहे. चूक माझीच, पण ती करायची सोय त्या माईकनं ठेवली होती. आरई 50 मध्ये ती सोयच नाही. जात डायनॅमिक: आवाजानं पडदा हलतो, पडद्याला चिकटलेली तारेची गुंडाळी चुंबकाच्या क्षेत्रात हलते आणि तिथेच वीज तयार होते. बाहेरून काही पुरवावं लागत नाही. फँटम, म्हणजे केबलमधून माईकला पुरवली जाणारी रेकॉर्डरची 48 व्होल्टची वीज, चुकून चालू राहिला तरी, केबल धड असेल तर, याचं काही बिघडत नाही. रात्री दोन वाजता पावसात उभं राहून बॅटरीचं झाकण उघडायची वेळ ज्याच्यावर आली असेल, त्याला या वाक्याची किंमत कळेल.

खरी करामत आत आहे. हा माईकच्या आत बसवलेला माईक आहे. तुम्ही मुठीत धरता ते कवच; आवाज पकडणारा भाग त्याच्या आत धक्के झेलणाऱ्या बैठकीवर बसलेला असतो. त्यामुळे मुठीची चाळवाचाळव, धावताना बसणारे हिसके हे सगळं बरंचसं बाहेरच अडतं. मी नव्या मुलांना बोटातली अंगठी दांड्यावर घासून दाखवते आणि हेडफोन त्यांच्या कानावर ठेवते. हाच प्रयोग गाण्याच्या कार्यक्रमातल्या साध्या माईकवर केला की फरक सांगावा लागत नाही. केबलमधून वर चढणारी खडखड मात्र आपणच थांबवायची. केबलचा एक वेढा करून तो त्याच मुठीत धरायचा, की ओढ मुठीवर येते, माईकवर नाही.

दणकट म्हणाल तर या घराण्याची ख्यातीच ती. कंपनीचा कारखाना मिशिगनमधल्या बुकॅनन गावी होता आणि तिथल्या एका जुन्या माईकला ‘बुकॅनन हॅमर’ असं टोपणनाव पडलं होतं, कारण त्यानं खिळा ठोकून दाखवायचा आणि मग त्यावरच बोलून दाखवायचं, अशी विक्रीची तऱ्हा होती. मी खिळे ठोकलेले नाहीत. पण तिसऱ्या पायरीवरून खाली पाडलाय, एकदा जीपच्या बोनेटवर विसरून पुढे गेलेय. जाळीला डाव्या बाजूला पोचा आहे. आवाज तसाच.

धक्क्यावरून एक आठवलं. 6 मे 1937 ला न्यू जर्सीतल्या लेकहर्स्टला हिंडेनबर्ग हे वायूनं भरलेलं अवाढव्य हवाई जहाज उतरताना पेटलं, तेव्हा शिकागोच्या डब्ल्यूएलएस रेडिओचा हर्बर्ट मॉरिसन तिथे बोलत होता. त्याचा तो रडवेला झालेला आवाज पत्रकारितेच्या प्रत्येक वर्गात ऐकवतात. त्याच्यासोबत चार्ल्स नेल्सन नावाचा इंजिनिअर होता, त्याचं नाव फारसं कोणी घेत नाही. तेव्हा रेकॉर्डिंग तबकडीवर कोरलं जायचं. स्फोटाच्या दणक्यानं कोरणारी सुई उडाली आणि नेल्सननं ती परत जागेवर टेकवली, म्हणून पुढचं सगळं उरलं. मुलांना मी मॉरिसनच्या आधी नेल्सन सांगते. माझ्या प्रत्येक बऱ्या बातमीमागे असा एक माणूस हेडफोन लावून उभा होता आणि टीव्हीत त्याचं नाव पट्टीवरसुद्धा येत नाही.

आता अंतराबद्दल, कारण हा माईक घेणाऱ्यांची पहिली तक्रार तिथेच असते. आरई 50 ऑम्नी आहे, म्हणजे चारी बाजूंचा आवाज सारखाच घेतो. दुकानात विचारलंत तर विक्रेता कपाळाला आठी घालून म्हणेल, गर्दीत काम करायचं तर एकाच दिशेचा कार्डिऑइड घ्या की! ऐकायला पटतं. पण कार्डिऑइड तोंडाजवळ नेला की आवाजातला खर्ज फुगतो, दांडा जरा तिरका झाला की माणूस उडतो, वाऱ्याची फडफड आणि हाताची खसखस त्यात जास्त येते. मुलाखतीत हात एका जागी राहत नाही. प्रश्न विचारताना माझ्याकडे, उत्तर ऐकताना त्याच्याकडे, आणि मध्येच तिसरा कोणी बोलला तर तिकडे. ऑम्नीला हे सगळं चालतं. चालत नाही ते फक्त लांब उभं राहणं. उघड्यावर अंतर दुप्पट केलं की बोलणाऱ्याचा आवाज सहा डेसिबलनं उतरतो आणि मागचा गोंगाट आहे तिथेच राहतो. एवढंच गणित आहे, आणि त्या पहिल्या दिवशी ते मला कोणी सांगितलं नव्हतं. शांत जागी वीतभर, गोंगाटात चार बोटं. त्याहून लांबून बोलायचं तर मुळात आपण त्या माणसाशी बोलतच नसतो, त्याच्यावर नेम धरलेला असतो.

चार बोटांवर माणूस बुजतो, हे खरं. त्यावर माझा उपाय असा की माईक आधी स्वतःच्या तोंडाशी धरायचा, दोन फालतू प्रश्न विचारायचे, आणि तिसऱ्याला तो सहज तिकडे न्यायचा. माझे डोळे त्याच्या डोळ्यांवर असले की त्याचे माईककडे जात नाहीत. रेकॉर्डिंग संपल्यावर तिथेच गप्प उभं राहून तीस सेकंद नुसता जागेचा आवाज घ्यायचा, अँबियन्स. संपादन करताना दोन वाक्यांच्या मधली भोकं त्यानंच बुजतात. ऑम्नीवर हा अँबियन्स फार छान येतो. बाजाराला बाजारासारखं आणि स्मशानाला स्मशानासारखं ऐकू येतं.

‘भाषण’, ‘फेरफार’, ‘पाठपुरावा’, ‘भ्रष्टाचार’. आमच्या बातम्यांतले निम्मे शब्द ओठ फुटूनच बाहेर पडतात. आत हवेचा झोत अडवणारी गाळणी असल्यानं ते फुसकारे इथे बऱ्यापैकी दबतात. तरी माईक ओठांच्या सरळ रेषेत नको, हनुवटीकडून वर तिरका हवा. वाऱ्यात बाहेरून फोमची टोपी घालाच. गाळणीच्या भरवशावर समुद्रकिनारी पीटीसी, म्हणजे कॅमेऱ्याकडे बघून बोलणं, करायला गेलात तर फक्त समुद्र आणि वारा घरी आणाल, तुम्ही तिथेच राहाल.

आवाजाचा पल्ला कागदावर 80 ते 13,000 हर्ट्‌झ. गाणाऱ्याला हे तोकडं वाटेल. बातमीला पुरून उरतं: जुन्या टेलिफोननं 300 ते 3,400 वर जगाची सगळी भांडणं ऐकवली. खालचा 80 चा काप तर मला वरदानच वाटतो, गाड्यांची आणि जनरेटरची घरघर बरीच तिथेच गळते. वरच्या बाजूला स आणि श थोडे मऊ येतात. स्टुडिओत वाचलेल्या निवेदनाच्या, म्हणजे व्हीओच्या, शेजारी लोकांच्या बोलण्याचा तुकडा, म्हणजे बाइट, ठेवली की ती जरा जाडीभरडी वाटते. मला ते आवडतं. बाहेरचा माणूस बाहेरूनच बोलतोय असं ऐकू यायला हवं.

घेण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. या जातीच्या माईकमधून निघणारा सिग्नल क्षीण असतो, तो रेकॉर्डरनं वाढवावा लागतो. रेकॉर्डर चांगला असेल तर प्रश्न येत नाही. मी मध्यंतरी खिशात मावणारा एक स्वस्त रेकॉर्डर घेतला, त्याचं नाव सांगत नाही. त्यात आवाजाचं चाक शेवटपर्यंत फिरवावं लागे आणि प्रत्येक वाक्यामागे सस्स असं तापल्या तव्यासारखं ऐकू येई. शिव्या माईकला बसल्या, दोष त्याचा नव्हता. उपाय दोन. एक, याच माईकची निओडायमियम चुंबकाची आवृत्ती मिळते, तिचा सिग्नल जास्त जोरकस असतो. दोन, केबलमध्ये लावायचा छोटा बूस्टर, जो वीस-पंचवीस डेसिबल स्वच्छ वाढवून देतो. मात्र बूस्टरला फँटम लागतो आणि तो रेकॉर्डरची बॅटरी खातो, म्हणजे बॅटरीचं झंझट मागच्या दारानं परत आलंच. मोबाइलला जोडायचा तर मध्ये अडॅप्टर हवा, आणि तो घरी तपासूनच बाहेर पडा.

या सत्तावीस वर्षांत माझे रेकॉर्डर किती झाले म्हणाल तर बोटं मोजावी लागतील. आमच्या आधीच्या पिढीच्या खांद्याला नाग्रा असायचा. स्टेफान कुडेल्स्कीनं 1951 मध्ये बनवलेलं ते यंत्र, आणि पोलिश भाषेत नाव काय, तर ‘रेकॉर्ड करील’! त्याच्याही आधी, 1944 मध्ये, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या बीबीसीच्या वार्ताहरांकडे ‘मिजेट’ होता. नाव बुटका आणि वजन 18 किलोंच्या आसपास. मी कॅसेटवर सुरुवात केली, टेप ब्लेडनं तिरकी कापून चिकटवायला शेवटच्या बॅचमध्ये शिकले, मग मिनिडिस्क, मग कार्ड, मग फोन. प्रत्येक वेळी जुन्या यंत्रातलं काही ना काही वाचता येईनासं झालं. माईकचं टोक तेच राहिलं.

टीव्हीत आल्यावर मात्र त्याची नोकरी बदलली. रेडिओत तो कान होता, इथे पाटी झाला. दांड्यावर चॅनेलचा ठोकळा चढला, त्याला सगळे बूम म्हणायला लागले, आणि पहिल्याच आठवड्यात कॅमेरामन ओरडला, “मॅडम, लोगो इकडे वळवा!” रेडिओची माझी सवय माईक लपवायची, इथे तो दिसलाच पाहिजे. पत्रकार परिषदेत टेबलावर बूमचं जंगल उगवतं आणि लोगो पुढे यावा म्हणून मागच्याचा माईक सरकवला जातो. वीतभर अंतराचं माझं शास्त्र तिथे तीन फुटांवर जाऊन पडलं. त्या खोल्यांमध्ये हा माईक चांगला नाही. आवाज पोकळ येतो, खुर्च्या सरकलेल्या ऐकू येतात. तिथे बोलणाऱ्याच्या कपड्याला टोचायचा छोटा माईक, लेपल, लावा, नाहीतर सभागृहाच्या ध्वनियंत्रणेतूनच आवाज घ्या. आणि आखूड दांड्याच्या मॉडेलवर ठोकळा चढवला की मुठीला जागाच उरत नाही, चार बोटांत माईक नाचवावा लागतो. मी सहा वर्षं तसा नाचवला.

माईक समोरच्याच्या हातात द्यायचा नाही, हा नियम कुठल्याही माहितीपत्रकात नसतो. दांडा सुबक आहे, हातात छान बसतो, त्यामुळे पुढाऱ्यांना तो घ्यावासा वाटतो. एकदा लाइव्हमध्ये एका गृहस्थांनी तो माझ्या हातातून प्रेमानं काढून घेतला आणि सात मिनिटं भाषण केलं. इअरपीसमध्ये डेस्क ओरडतंय, “घे, घे, माईक घे!” आणि मी बाजूला उभी राहून, ऐकून घेतल्यासारखी मान हलवतेय. तेव्हापासून मी अंगठा जाळीच्या अगदी खाली ठेवते, तिथे धरला की दुसऱ्याला पकडायला जागा राहत नाही.

तर घ्यायचा असेल तर लांब दांड्याचा, आरई 50एल घ्या. रेडिओत असाल तरी तोच. उद्या टीव्हीत जाल, आजकाल सगळे जातात. चुंबकाचा पर्याय असेल तर निओडायमियम. फोम दोन घ्या, पहिला महिन्याभरात हरवतो. आणि केबल तीन मीटरपेक्षा लांब घेऊ नका, म्हणजे लांब उभं राहायचा मोह होणार नाही.