पायलटवाला गॅस गिझर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गोव्यात मांद्रेला मागच्या बाल्कनीत बसवलेला 6 लिटरचा, सतत जळत्या पायलटचा (मोठा बर्नर पेटवणाऱ्या छोट्या ज्योतीचा) गिझर. आठ महिन्यांत अख्खा पावसाळा आला. पाणी झकास तापतं, लाईट गेली तरी आंघोळ अडत नाही. तक्रार एकच, पायलट विझतो.

कधी विझतो ते आधी बघा. पायलट पेटवायचं बटण सोडल्यासोडल्या विझला तर दोष बहुतेक थर्मोकपलचा. ज्योतीत तापणारं त्याचं टोक 20-30 मिलिव्होल्ट वीज देतं आणि तेवढ्यावर व्हॉल्व्हचा चुंबक गॅस चालू धरतो. टोकावर काजळी बसली किंवा व्हॉल्व्हकडच्या नटात हिरवा गंज धरला की चुंबक सुटतो. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात हा गंज ठरलेलाच. सिलिंडर बंद करून, गिझर गार झाल्यावर, दोन्ही जागा बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासायच्या. नट हाताने बसवून पान्याने फक्त पाव फेरा. जोर केलात तर आतलं इन्सुलेशन चेपतं आणि नवा थर्मोकपल आणावा लागतो. बटण निदान अर्धा मिनिट दाबून धरायचं, हेही पुष्कळदा राहून जातं.

ज्योत निळी हवी, थर्मोकपलच्या टोकाचा वरचा सेंटीमीटरभर भाग वेढणारी. पिवळी, मरगळलेली असेल तर पायलटच्या जेटमध्ये (गॅस सोडणाऱ्या बारीक भोकात) किंवा हवेच्या भोकात धूळ, नाहीतर कोळ्याचं जाळं. जेटमध्ये सुई घालू नका, भोक मोठं होतं. सायकलच्या पंपाची हवा पुरते.

नळ उघडल्यावर मोठा बर्नर पेटताना पायलट जात असेल तर गॅसचा दाब कमी पडतोय. रेग्युलेटर, मुडपलेली नळी, संपत आलेला सिलिंडर बघा. सिलिंडर नुकताच बदलला असेल तर नळीतली हवा निघेपर्यंत पेटायला वेळ लागतोच.

थोडा वेळ जळून मग विझतो तेव्हा वारा किंवा कोंडलेली हवा. पावसाळ्यात पश्चिमेचा झोत थेट आत येतो. बाजूला पत्र्याचा आडोसा लावा, पण बाल्कनी प्लास्टिकने बंद करू नका. कोंडलेल्या हवेत तयार होणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. काही गिझरांत ऑक्सिजन कमी झाला की एक सेन्सर पायलट मुद्दाम विझवतो. तो सेन्सर ‘बायपास’ करून देणाऱ्या मिस्त्रीला दारातूनच परत पाठवा.

पुन्हा पेटवण्याआधी पाच मिनिटं थांबा, एलपीजी जड असल्याने खाली साचतो. वास येत असेल तर काडी नकोच; सिलिंडर बंद करा आणि सांध्यांना साबणाचा फेस लावून बघा.

पाचपैकी साडेतीन. कापलेल्या दीड गुणातला अर्धा नटाच्या गंजाने खाल्ला.