जुळे सोलापुरातलं प्राण्यांचं बोर्डिंग : घर सोडावं लागणाऱ्या बायकांसाठी
मारहाणीच्या घरातून निघताना कुत्र्या-मांजरापायी पाय अडतो, अशा बाईला इथं भक्कम आधार आहे. नोंद तिच्या एकटीच्या नावावर. परवलीचा शब्द सांगितल्याशिवाय प्राणी नवऱ्यालाही देत नाहीत. प्राण्यांचे फोटो स्टेटसला टाकत नाहीत, हे फार मोलाचं. रेबीजची लस आणि लसीकरणाची पुस्तिका मात्र लागतेच. पहिली लस आयत्या वेळी टोचून भागत नाही, अंगात प्रतिकारशक्ती यायला दोन ते चार आठवडे जातात. आधीच टोचून घ्या, पुस्तिकेचा फोटो मैत्रिणीकडे ठेवा. गळपट्ट्याला जीपीएस टॅग असेल तर घरीच काढून ठेवा, नाहीतर ठिकाण कळतं. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडऐवजी कूलरची खोलीच मागा. चपट्या नाकाच्या पगला सोलापूरचा मे महिना सोसत नाही. बाईच्या स्वतःच्या मदतीसाठी हेल्पलाइन १८१, तातडीला ११२.